कमी बजेटमध्ये जास्त वर्षं चालणारा गेमिंग पीसी: पैसे नेमके कशावर घालावेत?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ठराविक रकमेत गेमिंग पीसी जोडायचा आहे आणि तो किमान सात-आठ वर्षं चालायला हवा. त्यासाठी केलेल्या यादीत बहुतेक पैसे ग्राफिक्स कार्डावर गेले आहेत. कार्ड वेगवान पण ८ जीबी मेमरीचं, प्रोसेसर जुन्या सॉकेटवरचा (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसण्याची जागा), रॅमची एकच पट्टी आणि एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) कॅबिनेटबरोबर येतोय तोच. ही यादी बरोबर आहे का?

पीसी आणून त्याच संध्याकाळी गेम सुरू केला तर ही यादी छान चालेल. सात-आठ वर्षांचा हिशोब मांडला की मात्र ती उलटी पडते. पीसी जोडणं आणि बिघडलेले पीसी उघडणं हे माझं रोजचं काम आहे. जे पीसी खूप वर्षं चालून आजही कामात आहेत, त्यांच्यात एक गोष्ट हमखास सापडते: मधे कधीतरी एक भाग बदललेला असतो, बहुधा कार्ड, क्वचित प्रोसेसर. बाकीचा पीसी तो बदल पेलायला समर्थ होता म्हणून एकाच भागावर भागलं. ज्यांचे पीसी चार वर्षांत मोडीत निघाले, त्यांचं कार्ड बऱ्याचदा ठीकच होतं. पण नवं कार्ड लावावं तर एसएमपीएस पुरत नाही, नवा प्रोसेसर घ्यावा तर बोर्ड बदलावा लागतो, बोर्ड बदलला की रॅमही बदलावी लागते, अशी साखळी लागते आणि माणूस वैतागून सगळंच नवं घेतो.

म्हणून माझं उत्तर असं: चौथ्या-पाचव्या वर्षी एकदा कार्ड बदलायचं हे आजच धरून चाला, आणि बाकी सगळं त्या दिवसासाठी तयार ठेवा. आठ वर्षं एकच कार्ड पुरेल या आशेवर आज बजेट ताणून सर्वात महागडं कार्ड घेण्यापेक्षा हे स्वस्त पडतं आणि खेळायलाही जास्त बरं पडतं.

यादीला हात घालण्याआधी मॉनिटर ठरवा. १०८०पी म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल, १४४०पी म्हणजे ३६.९ लाख, ४के म्हणजे ८२.९ लाख. १०८०पी वरून १४४०पी वर गेलात की कार्डाचं काम पावणेदोन पटीच्या आसपास वाढतं, प्रोसेसरचं मात्र जवळपास तेवढंच राहतं. आज १०८०पी मॉनिटर असेल आणि दोन वर्षांत १४४०पी घ्यायचा विचार असेल, तर कार्ड १४४०पी धरूनच निवडा. बजेट तंग असेल तर १०८०पी वर राहण्यात काहीच कमीपणा नाही. फक्त मॉनिटरला अॅडॅप्टिव्ह सिंक (कार्डाच्या वेगाशी मॉनिटरचा वेग जुळवणारी सोय) असलाच पाहिजे. कार्ड म्हातारं होऊन फ्रेम खालीवर होऊ लागतात तेव्हा चित्र फाटू न देण्याचं काम तोच करतो, आणि त्यामुळे कार्डाचं आयुष्य खरोखर वर्ष-दीड वर्षानं वाढल्यासारखं वाटतं.

आता ८ जीबीच्या कार्डाबद्दल, कारण तुमच्या यादीत मला सर्वात जास्त खटकलं ते हेच.

मोठे गेम कन्सोल डोळ्यासमोर ठेवून बनतात. प्लेस्टेशन ४ २०१३ मध्ये आला, त्यात सगळी मिळून ८ जीबी मेमरी होती. त्यामुळे पुढची कित्येक वर्षं पीसीच्या कार्डावर ८ जीबी असणं म्हणजे चैन होती. नोव्हेंबर २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स आले: आठ कोअरचा प्रोसेसर, १६ जीबी सामायिक मेमरी, वेगवान एसएसडी. पहिली दोन-एक वर्षं बरेच गेम जुन्या कन्सोलवरही काढले जात होते, म्हणून फरक जाणवला नाही. २०२३ च्या सुमारास कंपन्यांनी जुने कन्सोल सोडायला सुरुवात केली आणि लगेच ८ जीबीच्या कार्डांच्या तक्रारी सुरू झाल्या. एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०७० हे २०२० चं कार्ड याचं उत्तम उदाहरण आहे. त्याच्या चिपमध्ये आजही बऱ्यापैकी दम आहे, पण मेमरी ८ जीबी. त्याच्या तीन वर्षं आधीच्या जीटीएक्स १०८० टीआयवर ११ जीबी होती.

मेमरी संपल्याची लक्षणं फसवी असतात. सरासरी एफपीएस (दर सेकंदाला येणाऱ्या फ्रेम) चांगला दिसतो, पण कॅमेरा वळवला की झटका बसतो, भिंतीवरचं टेक्स्चर दोन सेकंद चिखलासारखं दिसतं आणि मग स्पष्ट होतं. टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूच्या (म्हणजे कार्डाच्या) पानावर 'डेडिकेटेड' मेमरी काठोकाठ आणि 'शेअर्ड' मेमरी वाढत चाललेली दिसली की समजायचं, कार्डाचं सामान आता पीसीच्या रॅममध्ये उतू चाललंय. तिथून ते पीसीआय एक्सप्रेस (कार्ड आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या) वाटेनं ये-जा करतं आणि ती वाट कार्डावरच्या मेमरीच्या तुलनेत फारच अरुंद आहे. त्यातून बऱ्याच स्वस्त कार्डांना सोळाऐवजी आठच लेन असतात. असं कार्ड पीसीआय ३.० च्या जुन्या बोर्डात बसवलं की वाट आणखी आवळते. एएमडीच्या आरएक्स ६५०० एक्सटीला तर चारच लेन आणि ४ जीबी मेमरी होती. जुन्या बोर्डावर त्याचे जे हाल झाले ते बघवत नव्हते. जुना सॉकेट आणि ८ जीबीचं कार्ड एकत्र आलं की दोन्हींचे दोष एकमेकांना वाढवतात, आणि तुमच्या यादीत नेमकी हीच जोडी आहे.

२०२५ मध्ये आलेली आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डं ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत मिळतात. चिप तीच, नाव तेच, फरक फक्त मेमरीचा. बजेटमध्ये यांपैकी एखादं बसत असेल तर १६ जीबीचंच घ्या, त्यासाठी प्रोसेसर एक पायरी खाली आणावा लागला तरी चालेल. प्रोसेसर पुढे बदलता येतो, कार्डावर मेमरी नंतर डकवता येत नाही. १०८०पी साठी १२ जीबीही मला पुरेशी वाटते. पण मेमरीच्या आकड्याला भुलून कमकुवत चिपचं कार्ड घेऊ नका. चिपलाच ३० एफपीएस काढताना धाप लागत असेल तर १६ जीबी नुसती पडून राहते.

कार्डाचं आयुष्य आणखी एका गोष्टीवर ठरतं, ती म्हणजे चिपमध्ये कोणत्या सोयी आहेत. जुलै २०१९ मध्ये काही दिवसांच्या अंतरानं दोन कार्डं आली, आरएक्स ५७०० एक्सटी आणि आरटीएक्स २०७० सुपर. दोन्ही ८ जीबीची, वेगात फार फरक नाही, पहिलं बरंच स्वस्त. त्या वेळी स्वस्त कार्ड घेणाऱ्याचा निर्णय पूर्ण शहाणपणाचा होता. पण त्यात हार्डवेअर रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या काढण्याची चिपमधली सोय) नव्हतं. २०२४ च्या अखेरीपासून काही मोठे गेम त्या सोयीशिवाय चालतील असे बनवलेलेच नाहीत. दुसऱ्या कार्डात ती सोय होती, शिवाय त्याला २०२५ मध्येही एनव्हिडियाच्या डीएलएसएसचं नवं, जास्त स्पष्ट चित्र देणारं अपस्केलिंग (कमी पिक्सेलमध्ये चित्र काढून ते मोठं करणं) मिळालं. म्हणून आज दोन कार्डांत थोडाच फरक असेल तर ज्याचं अपस्केलिंग पुढच्या पिढीचं आहे ते निवडा. एएमडीत याचा अर्थ असा की तिचं अपस्केलिंग, एफएसआर ४, अधिकृतपणे आरएक्स ९००० मालिकेसाठी आणलं गेलं, तेव्हा मागच्या पिढीचं मोठं कार्ड सवलतीत दिसलं तरी हा मुद्दा तोलून बघा. फ्रेम जनरेशनच्या (खऱ्या फ्रेमच्या मधे कृत्रिम फ्रेम घालण्याच्या) जाहिरातीतल्या आकड्यांवर मात्र खरेदी ठरवू नका. मुळात ५०-६० खऱ्या फ्रेम येत असतील तर ते छान दिसतं. २५ फ्रेमचे ५० केले तरी माऊस तसाच जड लागतो.

प्रोसेसर आणि बोर्ड एकत्रच ठरवावे लागतात. इथेही जुनं उदाहरण बघण्यासारखं आहे. २०१७ च्या सुरुवातीला इंटेलचा आय५ ७६००के आला, चार कोअर, चार थ्रेड (एका वेळी चालवता येणारी कामं). एप्रिलमध्ये एएमडीचा रायझन ५ १६०० आला, सहा कोअर, बारा थ्रेड. त्या वर्षीच्या गेममध्ये इंटेलचा एफपीएस सरळ जास्त होता, आणि तक्ते बघून खरेदी करणाऱ्यांनी तोच घेतला. पुढच्या दोन-तीन वर्षांत गेम चारपेक्षा जास्त थ्रेड मागू लागले आणि ७६००के १०० टक्के वापरावर अडकून झटके देऊ लागला. बरं, त्याच बोर्डात पुढचा प्रोसेसर टाकावा, तर इंटेलची आठवी पिढी त्याच ११५१ नावाच्या सॉकेटची असूनही जुन्या बोर्डावर चालत नव्हती. रायझनवाल्याच्या एएम४ सॉकेटच्या बोर्डाला मात्र बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट येत राहिले, आणि २०२२ मध्ये निघालेले रायझन ५ ५६०० आणि ५८००एक्स३डी हे प्रोसेसर २०१७ च्या बऱ्याच बोर्डांवर बसले. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तेव्हा मूळचे दोन्ही प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीबाहेर होते. एकाला फक्त प्रोसेसर बदलून पुढे जाता आलं, दुसऱ्याला बोर्डही बदलावा लागला.

आज हीच जागा एएम५ कडे आहे. हा सॉकेट सप्टेंबर २०२२ मध्ये आला आणि एएमडीनं २०२७ पर्यंत व त्यापुढेही त्याला साथ देण्याचं जाहीर केलं आहे. रायझन ५ ७६०० किंवा त्याच्या आसपासचा सहा कोअरचा प्रोसेसर आज घ्या. चार वर्षांनी नवं कार्ड लावल्यावर तो कमी पडला, तर त्याच बोर्डात मोठ्या कॅशचा (आतल्या झटपट मेमरीचा) एक्स३डी प्रोसेसर टाका. आजच एक्स३डी घ्यायची गरज नाही. मध्यम कार्डाबरोबर त्याचा फायदा बहुतेक गेममध्ये दिसतच नाही, कारण अडचण कार्डापाशी असते. स्पर्धात्मक शूटर २४० हर्ट्झवर खेळत असाल तर गोष्ट वेगळी.

इंटेल वाईट आहे असं मी म्हणत नाही. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटवरचे सहा कोअरचे आय५ गेमसाठी आजही चांगले आहेत, फक्त त्या सॉकेटची वाट चौदाव्या पिढीत संपली आहे. तेराव्या-चौदाव्या पिढीचा मोठा प्रोसेसर वापरलेला घेणार असाल तर सांभाळून: त्यांतल्या काहींना जास्त व्होल्टेजमुळे कायमची अस्थिरता येत होती. इंटेलनं २०२४ मध्ये मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची) दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, पण झालेली झीज अपडेटनं भरून येत नाही. एएम४ चा विचार फक्त दोनच वेळा करा. एक, बजेट खरोखरच इतकं कमी आहे की एएम५ घेतलं तर कार्डाला पैसे उरत नाहीत. दोन, एएम४ ला लागणारी डीडीआर४ रॅम आधीच घरात आहे. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅमच्या किमती भडकल्या, तेव्हापासून हे दुसरं कारण चांगलंच वजनदार झालंय.

बोर्डवर फार खर्च करू नका, पण सर्वात स्वस्तही घेऊ नका. रंगीत दिवे आणि मोठं नाव सोडून चार गोष्टी बघा: प्रोसेसरजवळच्या व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागावर) हीटसिंक आहे का, एसएसडीसाठी एम.२ चे किमान दोन खाचे आहेत का, पंख्यांची किमान तीन-चार कनेक्टर आहेत का, आणि बायोस फ्लॅशबॅकचं बटण आहे का. शेवटची सोय आज निरुपयोगी वाटेल. पण पाच वर्षांनी नवा प्रोसेसर आणलात आणि जुन्या बायोसवर बोर्ड त्याला ओळखेना, तर प्रोसेसर न लावता पेन ड्राइव्हवरून बायोस चढवता येतो. तेवढ्यासाठी मी बोर्ड एक पायरी वरचा घेतो.

रॅम १६ जीबीच्या दोन पट्ट्या, एकाच पॅकमधल्या. एएम५ वर डीडीआर५ ६०००, सीएल (रॅमच्या प्रतिसादाचा आकडा, कमी तेवढा चांगला) ३० ते ३६. एकच पट्टी लावली की बँडविड्थ अर्धी होते आणि कमाल नव्हे तर किमान एफपीएस घसरतो, जो हाताला जास्त जाणवतो. चार खाचे असले तरी डीडीआर५ च्या चार पट्ट्या पूर्ण वेगानं चालतीलच असं नाही, त्यामुळे 'आत्ता ८-८, नंतर आणखी ८-८' हा बेत टाळा. पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवा आणि बायोसमध्ये एक्सपो किंवा एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगानं चालवणारी सोय) चालू करा. हे न केल्यानं ६००० ची रॅम वर्षानुवर्षं ४८०० वर चालवणारे पीसी माझ्याकडे सतत येतात.

एसएमपीएसवर मी जरा थांबणार आहे, कारण पूर्ण पीसीत असा हा एकच भाग आहे जो स्वतः मरताना बाकीच्यांना घेऊन जाऊ शकतो.

नेहमीची तक्रार अशी असते: गेम सुरू केला की दहा-पंधरा मिनिटांत पीसी थेट रीस्टार्ट होतो, निळा स्क्रीनही येत नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नेल-पॉवर ४१ एवढीच नोंद असते. मालकानं तोवर विंडोज पुन्हा टाकलेलं असतं, रॅम बदललेली असते. झाकण उघडलं की आत फुकटात आलेला, हातात घेतला तर हलका लागणारा एसएमपीएस असतो. त्याच्या बाजूचं लेबल वाचा. वर मोठ्या अक्षरात ६०० वॅट. खाली तक्त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात ३५ अँपिअर. १२ गुणिले ३५ म्हणजे ४२० वॅट. प्रोसेसर आणि कार्ड जवळपास सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात, म्हणजे तुमच्या कामाचा तो ४२० वॅटचाच आहे. चांगल्या ६५० वॅटच्या एसएमपीएसवर त्याच रकान्यात ५४ च्या आसपास अँपिअर दिसतील, म्हणजे सुमारे ६४८ वॅट. त्यात आजची कार्डं काही मिलिसेकंदांसाठी आपल्या ठरलेल्या वॅटच्या बरीच वर उसळी मारतात. २०२२ चं एटीएक्स ३.० मानक याच उसळ्या धरून लिहिलं गेलं. त्यानुसार बनलेल्या एसएमपीएसला क्षणभर दुप्पट भार सोसता आला पाहिजे.

म्हणून घेताना एटीएक्स ३.० किंवा ३.१, ६५० ते ७५० वॅट, आणि ७ ते १० वर्षांची वॉरंटी बघा. ८० प्लस गोल्ड किंवा ब्राँझ हा शिक्का कार्यक्षमतेचा आहे, दर्जाचा नाही. गोल्ड म्हणजे ११५ व्होल्टवर निम्म्या भाराला ९० टक्के कार्यक्षमता, एवढंच. आतले कपॅसिटर कसे आहेत, जास्त प्रवाह किंवा शॉर्ट झाल्यास संरक्षण नीट चालतं का, हे तो शिक्का सांगत नाही. ते उघडून तपासणाऱ्यांची परीक्षणं वाचा. कंपनीला स्वतःच्या मालावर किती भरवसा आहे ते वॉरंटीच्या वर्षांवरून बरंचसं कळतं. जिथे वीज सारखी जाते-येते तिथे एक बरा यूपीएसही याच खर्चात धरा.

एसएसडी १ टीबीचा, एनव्हीएमई (एम.२ खाचेत बसणारा), टीएलसी प्रकारच्या मेमरीचा. टीएलसीच्या १ टीबी ड्राइव्हला साधारण ६०० टीबीडब्ल्यू (आयुष्यभरात लिहिता येणारे टीबी) लिहिलेलं असतं. रोज ३० जीबी लिहिलं तरी वर्षाला ११ टीबी होतात, म्हणजे झिजण्याची चिंता करायचं कारण नाही. जेन ४ (पीसीआय एक्सप्रेसची चौथी पिढी) पुरे. जेन ५ चा वेग गेम उघडताना जाणवत नाही.

कॅबिनेट जाळीच्या तोंडाचं, पुढे दोन आणि मागे एक १२० मिलिमीटरचा पंखा बसणारं, धुळीची गाळणी सहज निघणारं असावं. पुढे काच असलेलं कॅबिनेट दिसायला कितीही सुंदर असलं तरी आत कार्ड भाजून निघतं. कूलर टॉवरचा, हवेचा. त्यात बिघडणारी वस्तू एकच, पंखा, आणि तो नवा लावता येतो. पाण्याच्या कूलरचा पंप गेला की अख्खं युनिट टाकावं लागतं, आणि आतलं पाणीही वर्षानुवर्षं थोडं थोडं उडत राहतं. सहा कोअरच्या प्रोसेसरला त्याची गरजच नाही.

रकमेची विभागणी विचाराल तर मॉनिटर सोडून उरलेल्या बजेटचे ३५ ते ४५ टक्के कार्डावर. तुमच्या यादीत ते याच्या बरंच वर गेलंय. तेवढं खाली आणलं की एसएमपीएस, बोर्ड आणि रॅमची दुसरी पट्टी त्यातूनच निघते. तरीही हात तोकडा पडला तर कार्ड वापरलेलं घ्या. चिप सहसा मरत नाही, मरतात ते पंखे आणि सुकतात ते थर्मल पॅड, आणि दोन्ही बदलता येतात. घेण्याआधी अर्धा तास जड गेम चालवून तापमान आणि पंख्यांचा आवाज तपासा. एसएमपीएस मात्र वापरलेला कधीही घेऊ नका.

पीसी जोडून झाल्यावर दुकानाची परत घेण्याची मुदत संपायच्या आत तो पूर्ण ताणून बघा. रात्रभर मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्राम), मग तासभर प्रोसेसर आणि कार्ड दोन्हींवर एकदम भार. रॅमची एखादी चूक पहिल्या आठवड्यात सापडली तर पट्टी बदलून मिळते. सहा महिन्यांनी तीच चूक अचानक बंद पडणारा गेम म्हणून छळते. आणि मॉड्युलर एसएमपीएसच्या उरलेल्या केबल त्याच्याच खोक्यात, मॉडेलचं नाव लिहून ठेवा. दुसऱ्या एसएमपीएसची केबल खोबणीत अगदी नीट बसते, पण आतल्या तारांची रचना वेगळी असू शकते, आणि पाच वर्षांनी नवा ड्राइव्ह जोडताना चुकीची केबल लागली तर तो पहिल्याच स्टार्टला जळतो.